पाच आठवड्यांच्या बिबड्या

काल सकाळी माझा पाय बिबडीत पडला. उजवा, टाचेसकट. बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड. पण पापड म्हटलं की लोकांना पोळपाट-लाटणं आठवतं आणि हिचा त्यांच्याशी काही संबंध नाही. भिजवलेली ज्वारी भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या हाताने, गच्चीवर अंथरलेल्या जुन्या साडीवर गोल गोल थापायचा. आमच्या उन्हात दोन दिवसांत ती कडकडीत वाळते. ओली असताना मात्र तिच्यावर उमटलेला कुठलाही ठसा ती इमानेइतबारे जपून ठेवते, हे मला काल कळलं.

तसा दोष माझा नव्हता, फोनचा होता. जर्मनीहून आमच्या एकुलत्या एक लेकीचा, मयूचा, व्हिडिओ कॉल आला होता आणि ती म्हणाली, "पप्पा, गच्ची दाखवा ना." मी फोन छातीसमोर धरून, लग्नातला शूटिंगवाला नवरदेवापुढे चालतो तसा, उलट्या पावलांनी साडीच्या कडेकडेने निघालो. पहिली ओळ दाखवली, दुसरी दाखवली. "पप्पा, मागे—" एवढं ऐकू येईतो पाऊल कोमट घाट्यात रुतलं होतं.

बायको जिना चढून वर आली. तिने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता मयू जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. बायकोने जर्मनमध्येच उत्तर दिलं. दोघी पुन्हा हसल्या, आधीपेक्षा जास्त. मी एका पायावर उभा.

मला मराठी येतं, हिंदी येतं, साहेबापुरतं इंग्रजी येतं आणि खानदेशी तर घरचीच. पण माझ्याच गच्चीवर, माझ्याच पायावर चाललेल्या विनोदात मला शिरकाव नव्हता. छातीत जळजळ झाली. सकाळी घाटा खाल्ला होता, त्याची असेल म्हणून मी बायकोकडे बडीशेप मागितली. पण बडीशेपेने जाणारी जळजळ ही नव्हे. ती दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि दर चैत्रात, घरात ज्वारी भिजत पडली की, तिलाही ज्वारीसारखेच मोड येतात.

त्या वर्षी माघात मयूचं लग्न झालं, धुळ्याला. जावई निखिलराव धुळ्याचेच, नोकरी जर्मनीतल्या एका लहानशा गावात. दहा दिवसांची रजा संपवून ते परत गेले आणि मयू मागे राहिली, कारण तिकडच्या सरकारचं म्हणणं असं की, नवऱ्याकडे यायचं तर आधी आमच्या भाषेची पहिली परीक्षा पास होऊन ये, मग व्हिसाचं बघू. आमच्या गल्लीतल्या अक्का मूळच्या भडगावकडच्या, सत्तरीच्या. त्यांनी हे ऐकलं आणि पदराने तोंडच झाकलं. "नवराकडे जावाले परीक्षा? आनि नवरानी काय परीक्षा लिधी?"

व्याही मोठ्या मनाचे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी स्वतःहून फोन केला. "भाऊ, पोरगी लांब जाणारच आहे. परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडे राहू द्या तिला. अभ्यास होईल. परीक्षा झाली की व्हिसा येईपर्यंत आमच्याकडे पाठवा, आम्हालाही सून चार दिवस बघू द्या." याहून रास्त वाटणी कोणती असणार? मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की, परीक्षेचा दिवस म्हणजेच आमच्या घरातला तिचा शेवटचा दिवस.

मी जळगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतो. तीस वर्षं झाली. नशिराबादला जाणाऱ्या भाजीवालीपासून सुरतेला निघालेल्या व्यापाऱ्यापर्यंत सगळा मुलूख त्या खिडकीत वाकून मला विचारतो, "भाऊ, कसं जायचं?" आणि मी सांगतो. फलाट, वेळ, कुठे उतरायचं, तिथून रिक्षा कुठे मिळेल. त्यामुळे माझी अशी समजूत होती की, मयू इतक्या लांब निघाली आहे तर ती आधी माझ्या खिडकीत येईल. ती आली नाही. माझ्या फलकावर ते गावच नव्हतं.

त्याऐवजी तिने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळ्या, हाताच्या तळव्याएवढ्या. दारावर दाराचा जर्मन शब्द, खाली मराठीत उच्चार. फ्रिजवर, माठावर, कपाटावर, देवघराच्या चौकटीवर. पिंप्राळ्यातल्या आमच्या त्या तीन खोल्या, एकेक हप्ता फेडून आपल्या केलेल्या, पंधरवड्यात परमुलुखात गेल्या. मी ज्या खुर्चीत बसून पेपर वाचतो तिच्या पाठीवर चिठ्ठी होती. माझा चष्मा ठेवायच्या डबीवर होती. फक्त माझ्यावर नव्हती. बापाला काय म्हणतात ते तिला आधीच येत असावं, पण मला त्याचंही वाईट वाटलं.

फोनमध्ये हवामान बघायची तिची सवय जुनी. पूर्वी स्क्रीनवर वर जळगाव असायचं. एक दिवस तिचा फोन चार्जिंगला लावताना पाहिलं तर वर निखिलरावांचं गाव, नऊ अंश, पाऊस. खाली जळगाव, बेचाळीस. मी त्या पावसावर चिडलो. म्हणालो, "काय ते रोज रोज भिजणं. माणसाला बुरशी येईल." बायको म्हणाली, "माझ्या माहेरासारखं आहे." बायकोचं माहेर गगनबावड्याकडचं. सासरे, म्हणजे तिचे दादा, बदलीच्या नोकरीत दोन वर्षं जळगावला आमच्या शेजारी राहिले, त्यांची आणि माझ्या वडिलांची, आबांची, दोस्ती झाली, आणि त्या दोस्तीपायी एक पोरगी भाताच्या, पावसाच्या मुलखातून इथल्या चव्वेचाळीस अंशांत आली. मी तेव्हा या गोष्टीचा फार विचार केला नव्हता. आली, राहिली, झालं.

मग भरीत. घरात सगळं बायकोचं असलं तरी भरीत माझं. वांगी निवडायला बाजारात मी जाणार, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ मी करणार, वांगं कधी उलटायचं ते मी ठरवणार, आणि पाहुणे "वा!" म्हणाले की मी "त्यात काय एवढं" म्हणणार. लग्नानंतर हंगामाची शेवटची वांगी आली तेव्हा मी मयूला म्हणालो, "चल, शिकवतो तुला. तिकडे करता आलं पाहिजे." ती म्हणाली, "पप्पा, तिकडे जाळ नाही करता येत. घरात धुराचं यंत्र असतं, ते बोंबलतं. निखिल ओव्हनमध्ये करतो, मला व्हिडिओ पाठवलाय." तो व्हिडिओ मी पाहिला. जावयाने वांग्याला तेल लावलं, काट्याने टोचलं, एका पेटीत ठेवलं आणि पेटीचं दार लावून घेतलं. जाळ नाही, धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही. शेवटी ते वांगं अगदी हवं तसं निघालं. हे मला सगळ्यात झोंबलं. बेचव झालं असतं तर मी जावयाला मनापासून माफ केलं असतं.

खरं सांगायचं तर निखिलरावांबद्दल तक्रार करायला जागा नाही. निर्व्यसनी, हसतमुख, फोनवर आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करणार. इतक्या सज्जन माणसाचा मत्सर करणं फार जड जातं. सगळं एकट्यालाच करावं लागतं, समोरून काही मदत मिळत नाही.

त्या परीक्षेत बोलण्याचाही भाग होता. समोर चित्राचं कार्ड ठेवतात, त्यावर पेन असेल तर पेन मागायचं, पाणी असेल तर पाणी मागायचं. त्यासाठी रोज कुणाशी तरी बोलून सराव हवा. मी भांग पाडून, खुर्ची सरसावून बसलो. मयूने आईला बोलावलं.

"अगं, आईला काय येणार?" मी म्हणालो. "बारावीनंतर तिने पुस्तक हातात धरलेलं नाही."

"पप्पा, तुम्ही मध्येच समजावून सांगायला लागता," मयू म्हणाली. "आई नुसतं बोलते."

झालं. मग स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ त्या दोघींचं मीठ द्या, लाटणं द्या, खिडकी उघडा सुरू झालं. बायको चिठ्ठ्या वाचून वाचून अशी सरावली की पोळी फुगायच्या आत वाक्य फुगवायची. तिकडे काहीही मागताना कृपया म्हणतात, "बिट्टे". बायकोला तो शब्द फार आवडला. एकदा जेवताना मी नेहमीप्रमाणे नुसता हात पुढे केला तर मिठाची बरणी काही येईना. वर पाहिलं. बायको म्हणाली, "सव्वीस वर्षं झाली मीठ देतेय. त्या देशात मिठालासुद्धा बिट्टे म्हणतात." मयू ताटात बघून हसत होती. मी त्या दिवशी अळणी जेवलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

आता मेलचं सांगतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षा पुण्याला, जागा थोड्या, नाव नोंदवून वाट बघायची. जागा रिकामी झाली की मेल येणार. मयू म्हणाली होती, "पप्पा, फॉर्मवर माझा ईमेल टाका." पण तिच्या बालवाडीपासूनचा प्रत्येक फॉर्म मी भरलेला. मी म्हणालो, "दोन दोन ठिकाणी गोंधळ नको," आणि माझा टाकला. फॉर्म भरायचं एवढं एकच खातं माझ्याकडे उरलं होतं, ते मी सोडलं नाही. मग तिने आम्हा दोघांनाही बसवून सांगितलं, मेल कसा दिसेल, वरती काय लिहिलेलं असेल.

चैत्रातच, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवून मी दिवाणखान्यात फोन छातीवर ठेवून आडवा झालो. चारला उठलो आणि फोन पाहिला. मेल आला होता. पुढच्या आठवड्यात एक जागा आहे, दोन दिवसांत होकार कळवा. एक बारीकशी गोष्ट तेव्हा खटकली होती. नवा मेल फोनमध्ये ठळक अक्षरांत दिसतो, हा मात्र फिकट, वाचून झाल्यासारखा. मी म्हटलं, डोळ्यांवर चष्मा नाही, झोपेतून उठलोय, असेल काही.

मी लगेच उठलो. हे मी माझ्या बाजूने सांगून ठेवतो, लगेच उठलो. फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत दोघी त्या भाषेत काहीतरी बोलत होत्या, मयू ओट्यावर पाय हलवत बसली होती, लहानपणी बसायची तशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "चहा हवाय? बिट्टे म्हणा, मग मिळेल." दोघी खदखदून हसल्या.

मी "नको" म्हणालो आणि फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले. "भाऊ, पारोळ्याची गेली का?" मी म्हणालो, "आत्ताच गेली, बाबा. पुढची बघा." गाड्या चुकलेल्या माणसांना मी रोजच असं सांगतो, पण त्या दिवशी ते वाक्य माझ्याच कानाला लागलं. खिशात फोन होता. होकार द्यायला एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही. मनात हिशेब असा की, आता परीक्षा झाली तर पोरगी पुढच्या आठवड्यात धुळ्याला जाणार. बिबड्या तर अजून व्हायच्या आहेत. उन्हाळा तर अजून सगळा पडलाय. त्या दोघींना एकमेकींशी बोलायला जर्मन आहे, मला निदान एक महिना असावा.

तिसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं, "जागा भरल्या म्हणे. आता मेच्या मध्यात. पाच आठवड्यांनी."

मयू खाली बसली. "पप्पा, तुम्ही रोज बघत होतात ना?"

"हो बेटा. रोज."

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने निखिलरावांना फोन लावला. दारातून तिचा आवाज येत होता, रडवेला नव्हे, पण पाणी आटलेल्या माठासारखा पोकळ. पलीकडून ते समजूत घालत असणार, कारण थोड्या वेळाने ती "हं, हं, चालेल" म्हणू लागली. मी खुर्चीत पेपर धरून बसलो. पाच आठवडे मला हवे होते, ते कुणाच्या ताटातून उचलले हे तेव्हा दिसलं. तरी मी उठलो नाही. बायको परातीत ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "मग यंदा दहा किलोच्या घालू या. हात आहेत."

धुळ्याहून नानांचा फोन आला. "काय भाऊ, तारीख नाही मिळाली म्हणे?"

"नाही हो नाना, फार गर्दी आहे म्हणतात."

"असू द्या, असू द्या. आपल्या हातात थोडंच आहे?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

तर त्या दहा किलोच्या बिबड्या. पहाटे अंगणात तीन विटांवर पातेलं चढायचं, अक्का घाटा हलवायच्या, मयू बादलीतल्या पाण्यात हात बुडवून थापायला बसायची. मला नेहमीचं पुरुषांचं काम, म्हणजे जुनी छत्री आणि काठी घेऊन गच्चीवर कावळे हाकायचं. ड्युटी दुपारची होती, त्यामुळे सकाळ मोकळी. वरून ऊन, खालून तापलेली फरशी, समोर शेकडो ओल्या बिबड्या. जिन्याच्या सावलीत मायलेकी बसलेल्या. आणि सराव चालू.

मीही आता चोरून शिकत होतो. दाढी करताना आरशावरची चिठ्ठी, आंघोळीला जाताना बादलीवरची. एके सकाळी छत्रीखाली बसून ऐकतोय तर मयूने आईला विचारलं, तुम्ही कुठून आलात? "कुठून" एवढा शब्द मला ओळखू आला. परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यावी लागते, त्यातला प्रश्न. मी वाट पाहत राहिलो की आता "जळगाव" ऐकू येईल. त्या सगळ्या खडबडीत शब्दांमध्ये मला आमच्या गावाचं नाव भेटेल, असं वाटलं.

बायकोने तिच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं.

मयू मराठीत म्हणाली, "आई, राहता कुठे ते वेगळं, आलात कुठून ते वेगळं. बरोबर आहे तुझं."

"मग," बायको म्हणाली. "कुठून आले ते काय बदलतंय? मला नाही बाई असा क्लास होता. आले तेव्हा तुझे पप्पा आणि आजी एवढं भरभर बोलायचे की मला वाटायचं, भांडतायत. आणि भांडण माझ्यावरूनच आहे. दोघं हसले की मी आत जाऊन भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा. वर्ष गेलं त्यात."

"पप्पांनी सांगितलं नाही तुला, काय बोलतायत ते?"

"त्यांच्या लक्षातच आलं नाही."

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पाऊस पडला नाही म्हणावं तशी म्हणाली. माझी आई आणि मी, माजघरात शेंगा फोडत बसलेले, आणि दारातून आत न येता परत फिरणारी एक हिरवी साडी. ती मला आठवली. म्हणजे डोळ्यांना दिसलेली होती, फक्त मी पाहिली नव्हती. सहा आठवडे जिच्यावर जळत होतो तिने ते सगळं माझ्या आधी, वर्षभर, भांडी घासत भोगलं होतं. आणि मला तर मध्ये बिट्टे म्हणण्याची तरी सोय होती.

असा मी विचारात, आणि तेवढ्यात जिन्यातून अक्कांचा आवाज. "आरे भाऊ! कावळास्नी बठ्ठ्या बिबड्या खाई टाक्यात, आनि हाऊ छत्री धरीसन बठेल शे!" एक पूर्ण ओळ कावळ्यांनी चोचवली होती. मायलेकी धावत आल्या. मयूने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पप्पा, डोळे का लाल झालेत?"

"ऊन," मी म्हणालो. तो शब्द मला त्यांच्या भाषेतही येत होता. पण बोललो नाही.

मेच्या मध्यात पुण्याला मीच घेऊन गेलो. ती आत आणि मी फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर. त्या दोन तासांत मी एकदाही ती नापास व्हावी असं म्हणालो नाही. मनात आलं असेल तर ते माझ्याही कानावर पडू दिलं नाही. ती बाहेर आली ती धावतच. "पप्पा, मीठ! कार्डावर मिठाची बरणी आली!" मी हात पसरले तोवर तिने फोन कानाला लावला होता. "आई! मीठ आलं!" पुण्याच्या भर रस्त्यात माझे पसरलेले हात मी केस नीट करायला वापरले.

दोन दिवसांनी ती धुळ्याला निघाली. नाना गाडी पाठवतो म्हणाले होते, पण मयूच म्हणाली, "बसने जाते, पप्पांच्या खिडकीवरून." बायको तिच्यासोबत जाणार होती, सोडून परत यायला. मी ड्युटीवर. दोन मोठ्या बॅगा, आणि बिबड्यांचा पत्र्याचा डबा मयूच्या मांडीवर, फुटू नयेत म्हणून. माईक हातात घेतला. धुळ्याची ती घोषणा मी किती हजार वेळा केली असेल. एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. दोनदा म्हणायची असते. मी चारदा म्हणालो. कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, सगळे बसलेत. सोडू का आता?"

निकाल आला, पास. व्हिसा आला. ती गेली. घरातल्या चिठ्ठ्या बायकोने काढल्या नाहीत. दोन पावसाळे दमट हवा खाऊन त्या कोपऱ्यांत वळल्या आहेत. माझ्या खुर्चीवरची पडली तेव्हा मीच डिंकाने पुन्हा लावली.

आणि काल तो पाय. फोन ठेवण्याआधी मयू म्हणाली, "पप्पा, तिथे त्रेचाळीस दाखवतंय. टोपी घालून बसा." म्हणजे जळगाव तिच्या फोनमध्ये अजून आहे. वर की खाली, ते विचारायचा मोह मी आवरला. हातात पाय घेऊन गच्चीवरच्या नळाशी बसलो, टाचेवरचा घाटा खरवडत, आणि माहीत नाही का, कदाचित बोटांच्या बेचक्यांतले तीळ निघत नव्हते म्हणून असेल, मी बायकोला मेलचं सगळं सांगून टाकलं. दुपारची झोप, स्वयंपाकघराचं दार, खिशातला फोन, दोन दिवस. म्हणालो, "पोरीचे पाच आठवडे मी खाल्ले, सुनंदा. तुमच्या दोघींच्या त्या बोलण्यावर जळून. मयूला आज ना उद्या सांगावं लागेल. तू काय म्हणायचं ते म्हण."

ती साडीजवळ बसून माझ्या पावलाच्या ठशाची बिबडी बाजूला सरकवत होती. टाकून देत नव्हती, नीट वाळेल अशी ठेवत होती.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुम्ही घोरत होतात. छातीवर फोन वाजला, मी उचलला, वाचला आणि होता तसा परत ठेवला."

ते ठळक नसलेलं अक्षर. चष्म्याचा दोष नव्हता तर.

"मग तू का नाही सांगितलंस?"

"दहा किलोच्या बिबड्या मी एकटीने थापायच्या होत्या?" तिने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. "दोन दिवस तुमच्या तोंडाकडे बघत होते, सांगताय का, सांगताय का. नाही सांगितलंत. म्हटलं, माझ्यासारखंच यांनाही पोरीला सोडवत नाहीये. तेव्हा सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आमच्या दादांनी स्थळ बरं बघितलं होतं."